विमल वन्संचा कॉम्प्युटर

आमच्या विमल वन्संनी हैदराबादेतली निम्मी मराठी लग्नं जमवली, आणि स्वतःचं तेवढं राहून गेलं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. त्या स्वतःच सांगतात, तेही नव्या स्थळाच्या आईला पहिल्याच भेटीत, म्हणजे मागाहून कोणी कुजबुजायला नको. समोरची बाई गडबडून चहाचा कप खाली ठेवते आणि वन्सं कामाचं बोलायला लागतात.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, माझ्या नवऱ्याची, प्रकाशची मोठी बहीण. नारायणगुड्यात आमचा फ्लॅट आहे, त्यातली रस्त्याकडची खोली त्यांची. मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. मी मलकपेठेतली, तोंडाची फटकळ. लग्न करून आले तेव्हा आईनं बजावलं होतं, घरात बिनलग्नाची नणंद आहे, जपून राहा. जपायची पाळी त्यांच्यावर आली, ते सोडा. भांडणं झाली नाहीत असं नाही. पंख्याच्या वेगावरून झाली, आमटीतल्या चिंचेवरून झाली, अजून होतात. पण बाहेरचं कोणी त्यांना एक शब्द बोललं की माझं डोकं फिरतं.

लग्न का केलं नाही असं विचारलं तर म्हणतात, वेळ मिळाला नाही. खरं असं की सासरे अंथरुणाला खिळलेले, धाकटी भावंडं शिकत होती आणि घरात कमावतं माणूस या एकट्याच. एक स्थळ अगदी ठरत आलं होतं. मुलाकडच्यांनी अट घातली, लग्नानंतर पगार माहेरी द्यायचा नाही. वन्संनी त्यांना चहा पाजला, जिन्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन वह्या तपासायला बसल्या. हे मला सासूबाईंनी सांगितलं. वन्सं असल्या गोष्टी सांगत बसत नाहीत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. लॅपटॉप नव्हे. मोठा पडदा आणि खाली काळा डबा, ज्याला आमच्याकडे सगळे सीपीयू म्हणतात. डोळ्यांना मोठी अक्षरं लागतात, आणि मांडीवर घेऊन करायचं ते काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आपल्या मराठी मंडळाचं वधूवर केंद्र तेव्हा एका पत्र्याच्या कपाटात होतं. वन्संनी ते अख्खं कपाट दोन बोटांनी टाइप करून त्या डब्यात घातलं. तेव्हापासून मी त्या खोलीत केरसुणी न्यायची तरी विचारून नेते.

त्यांची पद्धत त्यांची. मुलीची माहिती मुलीनंच सांगायची, आईनं शेजारी बसून नाही. रंगाचा रकाना ठेवलेलाच नाही. कोणी गोरी मुलगी पाहिजे म्हणालं की वन्सं शांतपणे विचारतात, भिंतीला द्यायचाय का रंग? कोजागरीला मंडळाचा मेळावा असतो. त्यात मोठ्या पडद्यावर एकेकाचा फोटो लावून वन्सं प्रत्येकाबद्दल दोन शब्द बोलतात. शिक्षण, नोकरी पडद्यावर असतंच. वन्सं सांगतात ते वेगळं. हा मुलगा आजीला दवाखान्यात स्वतः नेतो, ड्रायव्हरबरोबर पाठवत नाही. ही मुलगी कामाला वाघ आहे, पण सकाळी चहाच्या आधी कोणी बोललेलं तिला खपत नाही. लोक हसतात, ती मुलगीपण हसते, आणि मागच्या रांगेतला एखादा मुलगा मान वर करून बघतो.

पस्तिशी उलटलेल्या, एकदा लग्न मोडलेल्या, पायानं अधू, म्हाताऱ्या आईला सोडून जाता न येणाऱ्या, असेही असतातच. त्यांना वन्सं सगळ्यांत आधी दाखवतात. शेवटी ठेवलं तर लोक दुधाच्या पेल्याकडे बघत बसतात, म्हणतात.

आता यात घुसलं अ‍ॅप. मंडळाचे अध्यक्ष हिम्मतराव सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, पण नवीन काही दिसलं की आपलं मंडळ मागं पडलं म्हणून ते परेशान होतात. कौस्तुभ नावाचा पुण्याचा मुलगा, इथे एका आयटी कंपनीत आहे, त्यानं मंडळाला सेवा म्हणून अ‍ॅप करून दिलं. वय घाला, उंची घाला, पॅकेज घाला, बोट फिरवा, जोडीदार हजर. मी पाहिलं ना ते. तिशीची अट घातली की पस्तिशीची मुलगी गायबच. मुली आहेत का भेंडी, शेंडा मोडून बाजूला टाकायला?

बैठकीत बराच काथ्याकूट झाला. शेवटी हिम्मतरावांनी तोडगा काढला. विमलताईंचं मशीन चालतंय तोवर त्यांच्या पद्धतीनं चालू द्या. ज्या दिवशी ते बंद पडेल त्या दिवसापासून सगळं अ‍ॅपवर, आणि ताईंनी आराम करायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना ऑटोत, नामपल्ली स्टेशन मागं पडल्यावर वन्सं म्हणाल्या, "उषा, आराम म्हणजे काय करतात गं लोक?"

मी म्हटलं, मला नाही ठाऊक, मला कोणी कधी दिलाच नाही.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा असते. माझी विळी आणि शिलाई मशीन, प्रकाशची स्कूटर, वन्संचा कॉम्प्युटर. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. दसऱ्याला सकाळी पुन्हा पूजा करून ते हातात घ्यायचं. दरवर्षी वन्सं पडद्याच्या कपाळाला एक बोट गंध लावतात, वर झेंडूचं फूल ठेवतात, झालं. या वर्षी मनात ती बैठक बसलेली. त्यात शेजारच्या भाग्यलक्ष्मी, तेलुगू, फार नेमाच्या. त्यांनी सांगितलं की हत्याराला आपला हात जिथे लागतो तिथे बोट्टु लावायचा, म्हणजे गंधकुंकवाचा टिळा, तर ते आपल्याला वर्षभर साथ देतं. वन्संनी मनावर घेतलं. भरपूर गंध उगाळलं, आणि ओघळू नये म्हणून त्यात चिमूटभर कणीक कालवली. पडद्याला लावलं, माउसला लावलं, डब्याला लावलं. वर कुंकू, अक्षता. नमस्काराला डोळे मिटून बाई इतका वेळ उभ्या राहिल्या की तिकडे माझा शिरा खाली लागला.

दसऱ्याला सकाळी आंघोळ करून, पूजा करून त्यांनी ओल्या फडक्यानं सगळं नीट पुसलं आणि बटण दाबलं. आत पंखा गरगरला आणि पडद्यावर काही यायच्या आत बंद. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. पुन्हा दाबलं, गरगर आणि बंद.

प्रकाशला आपण घरातले इंजिनिअर आहोत असं वाटतं. नोकरी जन्मभर अकाउंट्समध्ये. त्यानं आधी प्लग काढून परत घातला. मग तो डबाच उचलून स्वयंपाकघरात आणला आणि मिक्सरच्या जागी लावला. मग माझा मिक्सर वन्संच्या खोलीत नेऊन लावला. तो चालला. त्यावरून खोलीत वीज आहे हे सिद्ध झालं, जे डोक्यावर फिरणाऱ्या पंख्यावरून मला आधीच कळत होतं. मग त्यानं डब्याला दोन थपडा मारल्या. वन्सं म्हणाल्या, मारू नकोस रे त्याला. मग फोनवर कसले कसले व्हिडिओ पाहून त्यानं डबा उघडला, ब्रशनं धूळ काढली, आतली एक पट्टी उपसून खोडरबरानं घासली आणि परत बसवली. पट्टी चकचकीत झाली. कॉम्प्युटर होता तिथेच.

दुसऱ्या दिवशी एक दुरुस्तीवाला आणला. त्यानं बूटसुद्धा दाराशी काढले नाहीत, उभ्या उभ्या बटण दाबलं, डब्याला कान लावला आणि म्हणाला, "बोर्ड गया अम्मा. पुराना हो गया, नया ले लो." आणि गेला.

वन्संनी जेवण सोडलं असं नाही, ताटावर बसायच्या. भाताची शितं इकडून तिकडे करायच्या आणि उठायच्या. मी म्हटलं, वन्सं, उद्याच्या उद्या नवा कॉम्प्युटर आणू, कोणाला कळतंय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात कॉपी करताना सापडले. म्हणाल्या, हे मशीन चालतंय तोवर, असं ठरलंय. नव्याचं ठरलेलं नाही. गणिताच्या बाई त्या, अट म्हणजे अट. आणि एवढ्यावर थांबल्या नाहीत. स्वतः फोन लावून हिम्मतरावांना सांगितलं की मशीन बंद पडलं. मी असते तर कोजागरी उलटेपर्यंत तोंडातून ब्र काढला नसता.

हिम्मतराव अगदी गोड बोलले. काही काळजी करू नका म्हणाले. रविवारी कौस्तुभ येईल, आतली डिस्क काढून नेईल, सगळी माहिती सहीसलामत अ‍ॅपमध्ये जाईल. सोमवारी कोजागरीला तोच सगळं दाखवेल. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, मसाला दूध प्या. वन्संनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणजे माहितीला काही धोका नव्हता, ती सुखरूप होती. जायच्या होत्या त्या वन्सं. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी हिम्मतरावांच्या नावानं भांडी घासली.

रविवारी ऊन उतरल्यावर कौस्तुभ आला. प्रकाश आत घोरत होता. मी ठरवलंच होतं, या पोराला पाण्याच्या पेल्यापलीकडे काही द्यायचं नाही. पण त्यानं बूट दाराबाहेर नीट लावून ठेवले, वन्संच्या पाया पडला, माझ्या पडला. नाइलाजानं मी पोहे टाकले. मंडळातली पोरं वन्संना अक्का म्हणतात. तो म्हणाला, अक्का, टेन्शन घेऊ नका, डेटा सेफ आहे, डिस्क काढायला फार वेळ नाही लागत.

वन्सं म्हणाल्या, "डिस्क ने बाबा. पण त्याआधी एकदा ते चालू होतंय का, तेवढं बघशील?"

विनवणी करायची त्यांना सवय नाही. आवाज कसातरीच आला. मी पोह्यांकडे वळले.

पोरगा नाही म्हणू शकला असता. डिस्क काढून पिशवीत टाकली असती की काम झालं असतं, आणि त्याचंच अ‍ॅप लागणार होतं. पण त्यानं हो म्हटलं. मला हार्डवेअरमधलं फारसं कळत नाही असं आधी सांगून ठेवलं, आणि जमिनीवर मांडी घालून पेचकसानं स्क्रू काढले आणि डबा उघडला. आतल्या वायरी एकेक दाबून पाहिल्या, पंख्याला बोट लावून पाहिलं. बटण दाबलं की गरगर आणि बंद.

मी पोहे घेऊन आले तेवढ्यात वन्संचा मोबाइल वाजला. तो टेबलावर त्याच्या हाताशी होता. द्यावा म्हणून त्यानं उचलला आणि पडद्यावरचं नाव वाचून तसाच धरून राहिला. प्राजक्ता. वर फोटोपण होता. वन्सं जवळ आल्या, त्याच्या हातातून फोन घेतला, "बोल गं" म्हणाल्या आणि गॅलरीत जाऊन खुर्चीवर बसल्या. दार उघडंच होतं.

प्राजक्ता म्हणजे या कौस्तुभची सख्खी मोठी बहीण. लग्न मोडलं, पुण्यात आईच्या रोजच्या रडण्यात राहवेना, म्हणून इथे भावाकडे येऊन राहिली. आईनं तिला न विचारताच तिचं नाव आमच्या केंद्रात घातलं होतं. ते कळल्यावर तिनं वन्संना फोन करून असं काही सुनावलं होतं की मी पलीकडच्या खोलीत ऐकलं. वन्संनी त्याच मिनिटाला नाव काढलं होतं.

कौस्तुभ मला हळूच म्हणाला, "काकू, ताईचं नाव तर इथून केव्हाच काढलंय ना?"

"हौ, काढलं की," मी म्हटलं. "नाव काढलं, माणूस कुठं काढलं? दर रविवारी येतो तिचा फोन."

काय बोलतात, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही पण. वांगी भाजायची कशी इथपासून. कधी ती नुसती रडते आणि वन्सं फोन कानाला लावून बसून राहतात. स्थळाचं अक्षर नाही काढत. तो म्हणाला, रविवारी ती गच्चीवर जाते, मला वाटायचं पाय मोकळे करायला जाते. मग पेचकस हातात फिरवत बसला.

वन्संना कानानं थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा. त्या तिकडे प्रकाशनं मिक्सर खोलीत आणल्याची गोष्ट रंगवून सांगत होत्या. स्वतःचं सगळं बुडायला आलेलं, आणि बाई त्या पोरीला मिक्सरची गोष्ट सांगत होती. पलीकडून एकदम हसू ऐकू आलं, मोकळं, ठसका लागेल असं.

कौस्तुभची मान वर झाली. "ताई हसली?"

"हौ. का रे?"

तो डब्याकडे बघत म्हणाला, "घरी नाही हसत ती."

मी त्याला पोह्यांची बशी दिली. त्यानं ती बाजूला ठेवली आणि परत कामाला लागला, पण आता वेगळाच. मघाशी तो बघायचं म्हणून बघत होता. आता डब्यात डोकं घालून बसला, फोनवर काहीतरी वाचलं, बटणाकडून आत गेलेली बारीक वायर शोधून ती उपटून काढली आणि तिच्या जागी उघड्या झालेल्या दोन पिनांना पेचकसाचं टोक टेकवलं.

पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडदा उजळला.

मी तोंड उघडलं तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मशीन पुन्हा बंद केलं, डब्याचा पुढचा भाग काढून मांडीवर घेतला आणि बटण उजेडात धरलं. वरून पुसलेलं होतं, स्वच्छ. पण कडेच्या फटीत लालपिवळं काहीतरी गच्च भरलेलं, त्यात एक तांदळाचा दाणापण. बटण दाबलं की आतच अडकून बसायचं, लवकर बाहेर यायचं नाव नाही. त्यानं मला खुणेनं विचारलं, हे काय?

मी कपाळावर हात मारला. गंधात कणीक म्हणजे खळच की ती. हात जिथे लागतो तिथे लावायचा म्हणून वन्संनी नेमका बटणावर बोट्टु लावला, भक्तीनं चांगला दाबून लावला, आणि तो आत जाऊन वाळला. कौस्तुभनं कुजबुजत समजावलं. बटण दाबलेलंच राहिलं, त्यामुळे मशीनला वाटतं कोणीतरी ते धरून ठेवलंय, मला बंद करायचंय, म्हणून ते बिचारं चालू झालं की बंद होतं. बोर्डाला काही झालेलं नाही. सोडून जाऊ नको म्हणून ज्याला एवढं विनवलं, त्याचंच तोंड बाईनं आपल्या हातानं चिकटवून ठेवलं होतं. मला हसू पण येत होतं आणि डोळ्याला पदर पण लावावा लागत होता.

मी सेफ्टी पिन दिली, गरम पाणी आणि कापूस दिला. त्यानं ती फट कोरून कोरून साफ केली, कोरडी केली, वायर जागेवर लावली. बटण दाबलं की बाहेर यायला लागलं. मग दाबून सोडलं. पंखा फिरला, पडद्यावर वन्संची ती मोठाली अक्षरं आली.

मी गॅलरीच्या दारात जाऊन आत बोट दाखवलं. वन्संनी वळून पाहिलं. पडदा दिसला त्यांना, नक्की दिसला, कारण चेहरा क्षणभर हलला. पण पलीकडे पोरगी बोलत होती. त्यांनी मला हातानं थांब अशी खूण केली आणि पाठ फिरवून म्हणाल्या, "हं, मग पुढं?"

दसऱ्यापासून जिच्या घशाखाली घास उतरत नव्हता ती ही बाई.

कौस्तुभ स्वयंपाकघरात आला आणि तिथून त्यानं हिम्मतरावांना फोन लावला, अगदी दबक्या आवाजात. डिस्क काढली नाही सर, मशीन चालू आहे. तिकडून बरंच काही बोलणं झालं असावं. मग हा म्हणाला, "नाही सर, उद्या अक्काच बोलतील. अ‍ॅपमध्ये ते नाही होत. मी तुम्हाला भेटून सांगतो, फोनवर नाही सांगता येणार."

मी म्हटलं, आता बस, वन्सं येतील, त्यांच्या तोंडून ऐक तरी. तो बसेना. गॅलरीतून परत ते हसू आलं, तो तसाच उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, मी इथे असताना फोन आला हे ताईला कळू देऊ नका. अक्कांनापण सांगा. तिला कळलं ना, तर ती करायची बंद होईल."

पोह्यांची बशी त्यानं उभ्या उभ्या संपवली. बाहेर जाऊन बूट घातले नाहीत, जिन्यात आवाज होईल म्हणून हातात घेतले, आणि मोज्यांवरच जिना उतरून गेला. आमचं दार ओढलं की आपटतं. मी ते दोन्ही हातांनी धरून हल्लू लावून घेतलं.